६२ जागांचं बेट : मॉरिशसची निवडणूक आणि हरलेल्यांची खुर्ची

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

बाळापूरहून बोलतोय.

आजचा विषय दुरून आणलाय, पण थोडा वेळ द्या, तो आपल्या दारापर्यंत येतो. २०२४ चा नोव्हेंबर आठवा. आपल्याकडं विधानसभेची धामधूम होती. २० तारखेला मतदान, २३ ला निकाल. त्याच महिन्यात, आपल्या दहा दिवस आधी, १० नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या एका बेटावर सार्वत्रिक निवडणूक झाली. ते बेट म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरही गणपती बसतात, आरती म्हटली जाते आणि शाळेत मराठी शिकवली जाते.

तिथल्या विधिमंडळात लोकांनी थेट निवडून दिलेले सदस्य किती? ६२. आणि आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून मुंबईच्या विधानसभेत किती आमदार जातात? तेही ६२. योगायोग आहे, त्यात फार अर्थ शोधू नका. पण मोजमाप डोळ्यांसमोर यायला हा आकडा बरा आहे.

आता आकार पाहा. अख्खा मॉरिशस देश २,०४० चौरस किलोमीटर. अकोला जिल्हा पाच हजारांच्या वर. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या अकोला जिल्ह्याची होती अठरा लाखांच्या वर. आपल्या जिल्ह्याला आमदार पाच : अकोट, बाळापूर, अकोला पश्चिम, अकोला पूर्व आणि मूर्तिजापूर. त्यांना ६२. तिथं सोळा-सतरा हजार मतदारांमागे एक प्रतिनिधी येतो. आपल्या एका बाळापूर मतदारसंघात तीन लाखांच्या आसपास मतदार आहेत. तिकडचा आमदार बाजारात भेटत असंल, याचं नवल नाही.

तिथं मराठी माणूस कसा पोहोचला

हे थोडक्यात सांगतो. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली. ‘गिरमिट’ म्हणतात तो हा करार. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जहाजं सुटत. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक बरेच होते. पोर्ट लुईला ते जिथं उतरले, तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

आज मराठी वंशाचे लोक तिथं लोकसंख्येच्या साधारण दोन टक्के आहेत. घरात क्रिओल बोलतात, कागदावर इंग्रजी आणि फ्रेंच. तरी गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते, प्राथमिक शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि २०२३ साली तिथं शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

दोन टक्के! आणि विधिमंडळात यांच्यासाठी राखीव जागा एकही नाही. तरी ते नजरेतून सुटले नाहीत. हे कसं जमलं, हे कळायला तिथली निवडणूक समजून घ्यावी लागते.

मत मिळालं कसं

इंग्रजांच्या काळात तिथं मत द्यायला मालमत्ता किंवा मोठा पगार लागायचा. चार लाखांच्या बेटावर मतदार जेमतेम दहा-बारा हजार. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातही १९३७ च्या निवडणुकीत मत मालमत्ता आणि शिक्षण पाहूनच मिळत होतं, तेव्हा त्यांना हसायचं कारण नाही.

१९४८ साली नियम बदलला. साधी वाक्यं वाचता-लिहिता आली की मत. आणि भाषा इंग्रजी-फ्रेंचच हवी असं नाही, हिंदुस्थानी भाषाही चालतील. तिथं बासदेव विसुनदयाळ नावाचे एक समाजसुधारक होते. त्यांच्या चळवळीतल्या स्वयंसेवकांनी मळ्यातल्या मजुरांना अक्षरओळख शिकवायचा धडाका लावला. दिवसा ऊस तोडायचा, रात्री पाटी घ्यायची. परीक्षा मताची होती. मतदार दहा-बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढं गेले. विधिमंडळाचा चेहराच पालटला.

सगळ्या प्रौढांना मत मिळालं १९५९ साली. आपल्याला ते १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मिळालं होतं, अक्षर येवो न येवो. ही आपल्या घटनाकारांची देणगी आहे. सहज मिळाली म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

भीती आणि हमी

स्वातंत्र्य जवळ आलं तसं बेटावर एक प्रश्न उभा राहिला. हिंदू बहुसंख्य. त्यांच्याशिवाय मुसलमान आहेत, चिनी आहेत, आफ्रिकी गुलामांचे वंशज क्रिओल आहेत, मूठभर फ्रेंच मळेवाले आहेत. या सगळ्यांना वाटलं, इंग्रज गेले की आपल्याला कोण विचारणार? १९६७ च्या ऑगस्टमध्ये जी निवडणूक झाली ती जवळपास स्वातंत्र्यावरचा कौलच होती. सर शिवसागर रामगुलाम यांच्या स्वातंत्र्यवादी आघाडीला ३९ जागा मिळाल्या, विरोधातल्या गाएतां द्युव्हाल यांच्या पक्षाला २३. पण मतं पाहिली तर विरोधकांकडं चाळीस टक्क्यांहून जास्त होती. दहातल्या चार माणसांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत दिलं नाही! १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तो ही भीती पोटात घेऊन.

आपल्याला हे परकं वाटू नये. वऱ्हाड महाराष्ट्रात यायचं म्हटलं तेव्हा आपल्या लोकांनाही हमी हवीच होती. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आपल्याच अकोल्यात झाला. मग १९५३ चा नागपूर करार. त्यात खर्चात वाटा, नोकऱ्यांत वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात असं सगळं लिहिलं गेलं. मोठ्या घरात नांदायला जाताना लहान भागीदार काहीतरी लिहून मागतोच. यात गैर काही नाही. लिहून घेतलेलं पाळलं जातं का, ही गोष्ट वेगळी.

मॉरिशसनं लिहून घेतलं ते फारच वेगळ्या धाटणीचं होतं. इंग्रजांनी १९६६ साली बॅनवेल आयोग नेमला, त्याच्या शिफारशींवर वादावादी झाली, बदल झाले, आणि त्यातून निघाली ‘बेस्ट लूझर’ पद्धत. मराठीत म्हणायचं तर, हरलेल्यांतला सरस.

ती चालते कशी

आधी साधं मतदान पाहू. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तिघं निवडून येतात. मतदाराला तीन मतं असतात, आणि तिन्ही द्यावी लागतात. दोनच दिली तर मतपत्रिका बाद. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटाला दोन जागा. झाल्या ६२. आपल्या नगरपरिषदेला दोन सदस्यांचा प्रभाग असतो, शिवाय नगराध्यक्षाचं वेगळं मत, त्याच्या जवळपासचाच हा प्रकार. आपल्या विधानसभेलाही १९५२ आणि १९५७ ला काही दुहेरी मतदारसंघ होते. पुढं ते मोडले.

यानंतर आणखी जास्तीत जास्त आठ जागा भरतात. प्रत्येक उमेदवारानं अर्ज भरतानाच आपला समाज लिहायचा असतो. घटनेत चारच खाने आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. जो पहिल्या तिनांत बसत नाही तो चौथ्यात. मराठी, तमिळ, तेलुगू यांना जनगणनेत वेगळी ओळख आहे, पण या हिशोबात आपला मराठी माणूस हिंदूंच्या खान्यातच जातो.

निकाल लागला की निवडणूक आयोग भागाकार करतो. समाजाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्या समाजाच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येत एक मिळवून भागायचं. ज्याचा भागाकार सगळ्यात मोठा, त्याला जागा. समजा एका समाजाचे ६४० लोक आणि ७ सदस्य, तर ६४० भागिले ८, म्हणजे ८०. दुसऱ्याचे ३०० लोक आणि २ सदस्य, तर ३०० भागिले ३, म्हणजे १००. जागा दुसऱ्याला. मग त्या समाजाच्या, पक्षाच्या चिन्हावर लढून हरलेल्या उमेदवारांत ज्याला मतांची टक्केवारी जास्त, त्याला बोलवायचं आणि सभागृहात बसवायचं. पहिल्या चार जागा पक्ष न बघता देतात. पुढच्या चार अशा देतात की पहिल्या चारांमुळं पक्षांचा तोल बिघडला असंल तर तो सावरावा.

हरलेला माणूस आमदार! आपल्याकडं हे ऐकून पारावरचे लोक म्हणतील, बावा, मग हारलाच काऊन? पण थांबा. याचा खरा उपयोग कुठं होतो ते पाहा.

साठ विरुद्ध शून्य

तीन-तीन मतांच्या पद्धतीत एक गोम आहे. लोकांनी तिन्ही मतं एकाच आघाडीला दिली, तर निम्म्याहून थोडी जास्त मतं मिळवणारी आघाडी मतदारसंघातल्या तिन्ही जागा उचलते. देशभर एकच वारं वाहिलं तर काय होतं?

१९८२ : मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा एका आघाडीला. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले, स्वातंत्र्याचे नेते शिवसागर रामगुलाम घरी बसले.

१९९५ : पुन्हा ६० पैकी ६०. या वेळी शिवसागरांचा मुलगा नवीन रामगुलाम जिंकला, अनिरुद्ध जगन्नाथ हरले.

२०२४ : पुन्हा ६० पैकी ६०. नवीन रामगुलाम जिंकले, अनिरुद्धांचा मुलगा प्रविंद जगन्नाथ हरला.

दोन घराणी, तीन सुपडासाफ. घराणेशाहीवर आपण बोलू नये, आपलं अंगण काही फार झाडलेलं नाही.

२०२४ ला हवा का फिरली? महागाई होती, सत्तेचा कंटाळा होता. त्यात ऐन प्रचारात चोरून टेप केलेली फोनवरची संभाषणं बाहेर आली : राजकारणी, पत्रकार, पोलीस यांची. सरकारनं काय केलं, तर मतदानाच्या आठवडाभर आधी समाजमाध्यमंच बंद करायचा हुकूम काढला. लोक असे खवळले की दिवसभरात तो मागं घ्यावा लागला. निकाल दहा दिवसांनी सगळ्यांनी पाहिला.

आता आकडा नीट ऐका. जिंकलेल्या आघाडीला साठ टक्क्यांच्या आसपास मतं होती, हरलेल्या सत्ताधाऱ्यांना पंचवीस टक्क्यांहून जास्त. म्हणजे दर चार मतदारांमागे एकाहून जास्त माणसानं त्यांना मत दिलं, आणि जागा मिळाली शून्य. पंतप्रधान स्वतः आपल्या मतदारसंघात पडले.

इथं ती विचित्र पद्धत कामाला आली. हरलेल्यांतून काही जण सभागृहात आले, आणि त्यांतले जो लेजोंगार विरोधी पक्षनेते झाले. तिथं विरोधी पक्षनेता हे पद घटनेत लिहिलेलं आहे. अधिवेशनात त्याला सरकारला तातडीचा प्रश्न विचारायचा खास हक्क असतो, आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. साठ विरुद्ध शून्यच्या निकालानंतरही प्रश्न विचारणाऱ्याची खुर्ची रिकामी राहिली नाही.

आता आपल्या घरी या

त्याच महिन्यात आपल्याकडं काय झालं? २८८ च्या सभागृहात भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिघं मिळून २३०. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश, म्हणजे २९ आमदार एका पक्षाकडं हवेत, असा संकेत पुढं आला. तेवढे कोणाकडंच नव्हते. निकालानंतर वर्ष उलटलं तरी विधानसभेत ती खुर्ची रिकामीच होती. हा संकेत आहे की नियम, यावर वाद झाला, आणि वाद चालू असताना खुर्चीवर कोणी बसलं नाही.

मी कोणत्या पक्षाची बाजू घेत नाही. उद्या पारडं फिरलं तर हेच दुसऱ्यांच्या वाट्याला येईल. बाळापूरपुरतं बोलतो. आपले आमदार नितीन देशमुख हे त्या २० पैकी एक. म्हणजे आपला मतदारसंघ विरोधी बाकावर आहे. आणि आपल्याकडं लढत तिरंगी असते. शिवसेना, वंचित, आणखी एखादा तगडा उमेदवार. यात निम्म्याहून कमी मतांवर आमदार निवडून येतो. हे आताच झालंय असं नाही, भारिप बहुजन महासंघाचे बळीराम सिरस्कार २००९ आणि २०१४ ला इथून आले तेव्हाही बहुरंगीच लढती होत्या. म्हणजे दरवेळी या मतदारसंघातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं मत हरलेल्या उमेदवाराकडं जातं. त्या मतांचं काय? पाच वर्षं ती कुठं बोलतात?

हे केवळ गणित नाही, राजेहो. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पाणीयोजना, पीकविमा, रस्ता, दवाखाना, या गोष्टी नागपूरच्या अधिवेशनात कोणीतरी उठून विचारतो तेव्हाच कागदावर येतात. विचारणारा कमी झाला की सगळ्यात आधी दूरच्या तालुक्याचा प्रश्न गळतो.

मग ती पद्धत आपण आणायची का?

माझं मत सांगतो : जशीच्या तशी नको. तिची किंमत मोठी आहे.

एक तर उमेदवाराच्या कपाळावर समाजाचा शिक्का बसतो. ‘मी आधी मॉरिशियन आहे, खाना भरणार नाही’ म्हणणाऱ्यांचे अर्ज तिथं बाद झालेत. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढं गेलं. २०१२ साली समितीनं म्हटलं, नव्या आकडेवारीशिवाय असं समाज लिहायला लावणं नागरी हक्कांच्या विरोधात आहे. २०१४ च्या निवडणुकीपुरती तात्पुरती सूट दिली गेली : खाना न भरता लढा, पण मग बेस्ट लूझरच्या जागेसाठी तुमचा विचार नाही.

दुसरं, आकडेवारी. समाजवार जनगणना तिथं १९८२ ला बंद झाली, म्हणून हिशोब आजही १९७२ च्या जनगणनेवर होतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांवर आजच्या जागा! पण आपणही फार हसू नये. आपल्या राज्यांना लोकसभेच्या जागा कोणत्या जनगणनेवर वाटल्यात? १९७१ च्या. १९७६ ला गोठवल्या, २००१ ला मुदत वाढवली. आणि विदर्भाच्या विधानसभेतल्या जागा २००८ च्या पुनर्रचनेत ६६ वरून ६२ वर आल्या, हेही लक्षात असू द्या. पुढची पुनर्रचना होईल तेव्हा वऱ्हाडानं जागं राहायला पाहिजे.

तिसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. साठ विरुद्ध शून्य जिंकलेली सरकारं टिकली किती? १९८२ चं सरकार वर्षभरात फुटलं, १९८३ ला पुन्हा निवडणूक. १९९५ ची आघाडी १९९७ ला मोडली. बाहेर विरोधक उरला नाही की तो आत तयार होतो. मग भांडण धोरणाचं राहत नाही, खुर्चीचं होतं.

तिथल्या शहाण्या लोकांना हे कळतं. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या आयोगानं २००२ साली सुचवलं होतं की ६२ जागा राहू द्या, वर ३० जागा पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात द्या. समाज विचारू नका, मतं मोजा. ते झालं नाही. पण गंमत पाहा, त्याच देशातल्या लहानशा रॉड्रिग्ज बेटाला २००२ पासून स्वतःचं प्रादेशिक विधिमंडळ मिळालं, आणि तिथं काही जागा मतांच्या प्रमाणातच भरतात. मोठ्या बेटाला जे जमलं नाही ते धाकट्यानं केलं. आपल्या विदर्भाचं वैधानिक विकास मंडळ १९९४ ला आलं आणि २०२० ला त्याची मुदत संपली. त्याला विधिमंडळाचे अधिकार कधीच नव्हते, आणि जे होतं तेही थांबलं.

आणि ते दोन टक्के?

राखीव जागा नसताना मराठी माणूस तिथं टिकला कसा? जे दिसतं ते सांगतो. त्यांनी मंडळं बांधली, शाळेतला मराठीचा तास धरून ठेवला, सण सार्वजनिक केले. तीन जागांच्या मतदारसंघात आघाडीला तिघांची पाटी सजवावी लागते, आणि तीन नावांत वेगवेगळे समाज दाखवावे लागतात. जिथं मराठी वस्ती एकगठ्ठा आहे, तिथं ती मतं कोणालाच सोडता येत नाहीत. संख्या कमी असली तरी संघटना आणि वस्ती एकत्र असली की तिकीट वाटणाऱ्याला विचार करावा लागतो. यात राजकारण आहे, सौदेबाजीही आहे. पण १९४८ ला रात्रीच्या पाटीवर अक्षर गिरवून ज्यांनी मत कमावलं त्यांच्या पोरांना मताचा भाव कळतो, एवढं मात्र खरं.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्या वाटतात. पहिली : विरोधी पक्षनेतेपद कोणाच्या मर्जीवर किंवा संकेतावर राहू नये. आमदार किती का असेनात, विरोधातल्या सगळ्यात मोठ्या गटाला ते मिळेल, असं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. दुसरी : हरलेल्या मताला कान हवा. प्रमाणाच्या काही जागा हा त्याचा एक रस्ता आहे. तो येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या आमदाराकडं जाताना ‘मी तुम्हाला मत दिलं नव्हतं’ हे मनात ठेवून घरी बसू नका. तो तुमचाही आमदार आहे. अर्ज लिहा, पोच घ्या आणि नागपूरचं अधिवेशन लागलं की आपल्या गावाचा प्रश्न कामकाजात आला का ते तपासा.

तुमच्या गावाचा असा एखादा प्रश्न अडकून पडला असंल तर कळवा. पुढच्या भागात नागपूर करारातली कलमं एकेक करून वाचू, आणि काय मिळालं, काय राहिलं याचा हिशोब मांडू.

तोवर रामराम.